थोरल्यांसाठी बांधलेला बोकड

माझा भाऊ नसरुन लहानपणापासून थापाड्या. आईनं पाणी आणायला धाडलं की रिकामी कळशी घेऊन परत यायचा आणि वाटेत अस्वल आडवं आलं म्हणून सांगायचा. अस्वल! पाणवठा आमच्या परसातून दिसतो. आई पोट धरून हसायची आणि पुन्हा धाडायची. तिथंच दोन ठेवून दिल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

शाळेत त्याचं मन लागलं नाही. बाप दालचिनीची झाडं सोलायला रानाच्या कडेला जायचा, त्याच्या मागं हा. साल सोलायची सोडून पाखरांसारखी शीळ घालत बसायचा. बाप म्हणायचा, "शिळेवर भात शिजत नाही रे." पण बापाचं ते बोलणं खोटं ठरलं. आमच्या डोंगरात पाठीवर बिऱ्हाड घेतलेले गोरे यायला लागले आणि त्यांना नेमकी ती शीळच हवी होती. आमच्या रानात नवरंगाच्या जातीचा एक पक्षी आहे, भारी लाजाळू. नसरुन ओठ मुडपून शीळ घालायचा आणि तो पानाखालून टुणटुण उड्या मारत बाहेर यायचा. गोरे श्वास रोखून फोटो काढायचे आणि संध्याकाळी माझ्या टपरीवर बसून एकमेकांना दाखवायचे. मी त्यांना केळ्याची भजी तळून द्यायची. आमच्या डोंगरावर नसरुनशिवाय रानात जायचं नाही, असं ते दूर दूर देशांत एकमेकांना सांगायचे म्हणे.

आमच्याकडे घर बाईचं असतं. लग्न झालं की नवरा तिच्या घरी जातो. नसरुनही गेला. त्याच्या थापांना कंटाळून बायकोनं एक दिवस त्याची पिशवी दाराबाहेर ठेवली. ती उचलून तो सरळ माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, रान तुझ्याकडून जवळ पडतं." मी काय बोलणार? चूल पेटती होती, भात वाढला.

आता थोरल्यांचं सांगते. ज्याला तुम्ही वाघ म्हणता, त्याचं नाव आम्ही रानाच्या कडेला काढत नाही. थोरले म्हणतो. थोरले रानात आणि आम्ही गावात, असा जुना करार आहे. त्यांच्या वाटेत कुणी जायचं नाही, आणि तेही गावाच्या वाटेत येत नाहीत. आलेच, तर उगाच नाही येत. गावात कुणीतरी दुसऱ्याच्या अंथरुणात शिरलेलं असतं. त्याचा वास त्यांना लागतो. मग जो दोषी असेल त्यानं बोकड कापून गावजेवण घालायचं, प्रत्येक वडीलधाऱ्याचे हात हातात घेऊन माफी मागायची. याला गाव धुणं म्हणतात. गाव धुतलं की थोरले परत जातात. लहानपणी मी हे एकदाच पाहिलं होतं. त्या बाईचा चेहरा मला अजून आठवतो, पण तिचं नाव मी घेणार नाही.

नसरुनची सगळ्यात मोठी थाप थोरल्यांबद्दलच होती. माझ्या टपरीवर बसून तो गोऱ्यांना सांगायचा, "आम्ही समोरासमोर उभे होतो. मी म्हणालो, थोरले, माझी माणसं घेऊन चाललोय, वाट द्या. त्यांनी मान हलवली आणि वाट दिली." मान हलवली! दर खेपेला गोष्ट वाढायची. गावातलेही कान देऊन ऐकायचे आणि त्याला थोरल्यांचा माणूस म्हणायचे. खरं मला एकटीला माहीत होतं. एकदा मी त्याच्या पायाच्या जळवा काढत होते, तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, आयुष्य गेलं रानात. ठसे पाहिले, वास आला, पण ते काही दिसले नाहीत गं मला." मी म्हटलं, "नशीब समज."

त्या वर्षी मार्टिन आला. उंच, हडकुळा, दाढीत कायम काहीतरी अडकलेलं. थायलंड, लाओस असं जंगलाजंगलातून वर्षभर हिंडत आलेला. आमची भाषा मोडकीतोडकी बोलायचा. त्याच्या कॅमेऱ्यात हत्ती होते, गिबन होते, धनेश होते. थोरले नव्हते. नसरुनबरोबर तो कितीदा रानात गेला आणि नुसत्या ठशांचे फोटो घेऊन आला. एक दिवस टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "नसरुन, तू खरंच पाहिलेस ना रे? का गोष्टीतच?" माणसं फिदीफिदी हसली. नसरुनही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या बायकोनं पिशवी बाहेर ठेवली तेव्हासुद्धा त्याचे कान असे झाले नव्हते.

त्यानंतर लवकरच माझा बोकड गेला. कुर्बानीसाठी वाढवलेला, एका कानाला चीर पडलेला, माझ्या हातून मीठ चाटणारा. नसरुन म्हणाला, "दावं तोडून पळाला असेल." स्वतः माझ्याबरोबर हाका मारत परसभर हिंडला मेला. मी रडले तर माझी समजूतही काढली.

मग थोरले आले.

आधी दालचिनीच्या मळ्यात ठसे दिसले. मग एकाचं कुत्रं गेलं. मग एका सकाळी बायका पाणवठ्यावर गेल्या तर ओल्या मातीत बशीएवढाले ठसे, आणि ते पाणवठ्यावरून निघून रोस्निदारच्या परसाला वळसा घालून गेलेले. पाणवठ्याला सगळ्यात जवळचं घर तिचंच होतं. पण एवढा साधा विचार कोण करतंय!

रोस्निदार माझ्याच वयाची. नवरा मलेशियात कामाला गेला आणि तिथंच वारला. ती घरी दालचिनी वाळवायची आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना ओसरीवर बसवून कुराण वाचायला शिकवायची. आवाज असा गोड की बाहेरून जाणारा माणूस पाऊल हळू टाकायचा. मुली तिच्यावर जीव टाकायच्या. तिला स्वतःचं मूल नव्हतं, त्या मुलीच तिचं घर होतं. तिची दालचिनी बाजारात न्यायला पोनिमान नावाचा जावा बेटाकडचा ट्रकवाला यायचा. पोती चढवायचा, ओट्यावर बसून कॉफीच्या पानांचा काढा प्यायचा आणि जायचा. झालं. लोकांना तेवढं पुरलं.

शुक्रवारी नमाजानंतर सभा भरली. पुरुष पुढं, आम्ही बायका मागं. आमच्याकडे भाचरांचा कर्ता मामा असतो, आणि आमचा मामा तर अख्ख्या गावाचा पंच. तो म्हणाला, "गाव मळलंय. कुणी मळवलं त्यानं उठून सांगावं, म्हणजे शोधायला नको." कुणी उठलं नाही. मग कुणीतरी पोनिमानच्या ट्रकचं नाव काढलं, आणि माना एकेक करून रोस्निदारकडे वळल्या.

ती उभी राहिली. "तो ओट्यावर बसतो. माझा उंबरा त्यानं कधी ओलांडलेला नाही. कुराणावर हात ठेवून सांगते."

"ओट्यावरून आत जायला कितीसा वेळ लागतो गं?" मागून एक जण बोलला आणि दोघं-तिघं हसली.

मामानं त्यांना गप्प केलं. म्हणाला, "रोस्निदार, तू वाईट बाई आहेस असं मी म्हणत नाही. चूक माणसाकडून होते. पण थोरले तुझ्या परसातून गेले, हे मी कसं पुसू? उद्या एखादं पोर उचललं गेलं तर? तुझ्याच ओसरीवर येणारी पोर असली तर?"

त्यावर ती खाली बसली. नसरुन खांबाला टेकून बसला होता. मान खाली. मला वाटलं, दमलाय.

रोस्निदारनं बोकड आणला, तांदूळ आणले, स्वतःच्या हातानं रांधलं. मी तिच्या शेजारी नारळ खवत बसले होते. जेवताना ती पंगतीतून वाढत गेली आणि पुढं वाकून प्रत्येक वडीलधाऱ्याचे हात हातात घेऊन म्हणत गेली, "माफ करा." जे केलं नाही त्याची माफी! नसरुनच्या पानात तिनं मटण वाढलं तेव्हा तो उठला, मागच्या बांधावर गेला आणि ओकला. पोट बिघडलंय म्हणून मी त्याला आल्याचं पाणी दिलं. आता वाटतं, तेच पाणी त्याच्या तोंडावर फेकायला हवं होतं.

आणि थोरले गेले! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. भीतीपायी गावानं शेळ्या घरात कोंडल्या होत्या, कुत्री आत घेतली होती. खायला मिळेना, तर थोरले कशाला थांबतील? पण गाव म्हणालं, "बघा. म्हणजे तीच." रिवाजाप्रमाणे एकदा धुतलं की त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नसतो. कुणी काढलाही नाही. फक्त संध्याकाळी तिच्या ओसरीवर मुली येईनाशा झाल्या. एकीला ताप, एकीला अभ्यास, एकीच्या घरी पाहुणे. ती दिवा लावून, पाटावर पुस्तक उघडून बसायची आणि मग मिटून ठेवायची.

मार्टिन निघाला त्या सकाळी माझ्याकडे शेवटची कॉफी प्यायला आला. खुशीत होता. म्हणाला, "ये, तुला दाखवतो," आणि कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या काचेवर एकेक फोटो सरकवायला लागला. धनेश, माकडं, नवरंग. आणि मग थोरले. बाई गं! काय ते रूप. डोळे सरळ माझ्याकडे. मी मनातल्या मनात सलाम केला. मग माझी नजर खाली गेली. त्यांच्या पंजाखाली माझा बोकड होता. कानाला चीर, आणि गळ्यात नसरुनच्या तंबूची निळी दोरी, झाडाला बांधलेली.

"हा माझा बोकड," मी म्हणाले.

मार्टिननं कॅमेरा पटकन मागं घेतला. "नसरुन म्हणाला, तुला विचारलंय."

"आणि ही दोरी?"

"ती मी कापून टाकणार. फोटोत दिसणार नाही," तो म्हणाला, जसं काही मला दोरीचंच दुःख झालं होतं. कॉफी अर्धी ठेवून तो बस पकडायला गेला.

नसरुन परसात तंबू वाळत घालत होता. मी विचारलं काहीच नाही. सरळ म्हटलं, "बोकड तू बांधलास."

तो खाली बसला. बराच वेळ तंबूच्या कापडाची घडी घालत राहिला, पुन्हा उलगडत राहिला.

"हो."

"अरे, पंगतीत बसलास तू! तिनं तुझ्या पानात वाढलं! जनाची नाही तर मनाची तरी लाज होती का रे?"

"मला वाटलं, एकदाच. एकदा दिसले की झालं. मार्टिनचं तोंड बंद आणि माझी गोष्टही खरी. मळ्याच्या वरच्या कडेला, जिथून गाव जवळ, तिथं आम्ही आडोसा करून पालापाचोळ्यात पडलो होतो. बोकड ओरडत होता. मग एकदम ओरडायचा थांबला." नसरुननं कापड खाली टाकलं. "ताई, ते आले आणि मी पाहिलंच नाही. मान खाली घातली. ज्यांच्या नावानं जन्मभर पोट भरलं, त्यांना मी दावणीला बांधलेलं खायला घालत होतो. मला वर बघवेना. मार्टिनचा कॅमेरा तेवढा वाजत होता."

"त्यांच्यापुढं मान खाली गेली, आणि रोस्निदारपुढं?"

"आधी वाटलं, मिटेल. मग मामा बोलायला लागले. मग ती उभी राहिली. म्हटलं, आता बोलतो, आता बोलतो. सगळे मला थोरल्यांचा माणूस म्हणतात गं. जीभच उचलेना."

मी त्याला एवढंच म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही सगळ्यांनी मिळून. येत्या शुक्रवारी तू बोलणार. नाहीतर मी बोलेन, आणि मग या घरात परत पाऊल टाकायचं नाही."

बोलला. खोटं कशाला सांगू, उभा राहून धडाधडा बोलला. बोकड, दोरी, मळ्यातली जागा, सगळं. "रोस्निदारनं काही केलेलं नाही. थोरल्यांना मी बोलावलं. दंड मला करा." मला त्याचा त्या क्षणापुरता अभिमान वाटला.

मग माझ्या शेजारची बाई दुसरीच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अगं बाई! म्हणजे ट्रकवाला नव्हेच. हा होता होय!"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते ते. मग कळलं.

"बोकडाचा दोष स्वतःच्या अंगावर घेतोय बघ. तिच्यावर जीव असल्याशिवाय कोण घेतंय?"

"आणि बायकोनं का हाकललं, तेही कळलं."

नसरुन ओरडला, "मार्टिनला विचारा! त्याच्याकडे फोटो आहे!" फोन लावला. मामानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये ठेवायला लावला. मार्टिन बोर्निओतल्या कुठल्याशा नदीकाठी होता, मागं पाण्याचा आवाज येत होता. नसरुननं विचारलं, "मार्टिन, सांग यांना, आपण बोकड बांधला होता ना?" तो म्हणाला, "कसला बोकड? थोरले आपणहून आले. मी असले फोटो काढत नाही." आणि फोन बंद. आमिष लावून काढलेला फोटो कुठं छापत नाहीत, हे मला मागाहून समजलं.

मी उठले. मी पाहिलंय, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, माझाच बोकड होता, असं घसा फोडून सांगितलं. लोक दयेनं माझ्याकडे बघत होते. बहीण आहे, भावाला झाकणारच. एक म्हातारा तर म्हणाला, "बस पोरी, रक्त ओढ घेतंच."

मामानं हात वर केला. त्याचा चेहरा काळवंडला होता, कारण आता लाज त्याच्या स्वतःच्या भाच्यावर आली होती. "नसरुन, धुतलेलं तू परत का उकरतोस? थोरले परत गेले. सगळं शांत झालं. तुझा तिचा काही संबंध नसेल, तर तुला एवढं का लागलंय?"

नसरुन उभ्याउभ्या रडायला लागला. आणि त्याचं रडणं बघून ज्यांच्या मनात थोडी शंका होती तीही फिटली. वरातीमागून घोडं आणलं की असं होतं. जन्मभर थापा मारल्या, गावानं गटागट गिळल्या. खरं एकच बोलला, ते कुणाच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी, सगळ्यांना दिसेल असं, मी त्याला घेऊन रोस्निदारकडे गेले. ती ओट्यावर साल पसरत होती. नसरुननं ओट्याखालीच गुडघे टेकले. "माफ कर म्हणायला आलोय."

तिनं हातातली साल ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. "त्या दिवशी मी उभी होते तेव्हा तू बोलला असतास, तर लोकांनी ऐकलं असतं, नसरुन. तेव्हा फक्त ट्रकवाल्याचं नाव होतं, आणि तो बाहेरचा. विसरले असते. आता तुझं झालं, आणि तू रोज समोर दिसणार." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दार्निस, त्याला घेऊन जा. कृपा करून माझी बाजू घेऊ नका. जो बाजू घेतो त्याला लोक माझ्या अंथरुणात नेऊन झोपवतात."

आम्ही परत आलो. वाटेत समोरून दोन मुली येत होत्या, तिच्याच ओसरीवरच्या. आम्हाला बघून त्यांनी वाट बदलली.

तेव्हापासून नसरुन तिच्या दारावरून गेला नाही. रानात जायचं तर मळ्याच्या वरच्या बाजूनं, चिखलातून, लांबच्या वाटेनं जायचा. नवे गोरे यायचे. विचारायचे, "तू थोरले पाहिलेस म्हणे?" तो म्हणायचा, "नाही पाहिले." मग ते दुसरा कुणी वाटाड्या मिळतो का बघायचे. त्यांचं ओझं मात्र हाच वाहून न्यायचा. टपरीवर बसून कुणी नसरुनची जुनी गोष्ट काढली की तो उठून भांडी घासायला जायचा.

सुगी झाल्यावर रोस्निदारनं मलेशियाला, चुलतबहिणीकडे जायचं ठरवलं. आमच्याकडे कुणी परदेशी निघालं की सगळं गाव बसपर्यंत पोचवायला जातं, मग त्याच्याशी बोलत असो वा नसो. वाटेसाठी चिकट भात बांधून देतात. मीही बांधला. निघताना नसरुन चुलीपाशी बसला होता, अंघोळ केलेली, धुतलेला सदरा घातलेला. मी म्हटलं, "येतोस?"

तो म्हणाला, "मी आलो तर लोक म्हणतील, बघा, निरोप द्यायला आला. तिला निघताना तरी सुखानं जाऊ दे."

मला पटलं. मी एकटीच गेले. गाव जमलं होतं. मुलींच्या आया होत्या, डोळ्यांना पदर लावून. ज्यांनी मुली पाठवणं बंद केलं त्याच. एकदोन मुली तिला बिलगल्या, आयांनीही त्या दिवशी ओढून घेतल्या नाहीत. मी भाताची पुडी दिली. तिनं माझा हात घट्ट धरला आणि बसमध्ये चढली. खिडकीत बसून सरळ पुढं बघत राहिली.

बस निघाली. माझ्या मागं उभी असलेली बाई दुसरीला म्हणाली, "आणि तो आलासुद्धा नाही बघ. तोंड कसं दाखवेल? यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे?"